वायरिंग गेलेली गाडी

मित्रांनो, पत्र्याच्या शेडखाली विटांवर टेकवून ठेवलेली जी जुनी कॅम्पर व्हॅन तुम्हाला कुंपणापलीकडून दिसते, ती मी. माझ्याविषयी तुम्ही एकच गोष्ट ऐकली असेल: हिचे वायरिंग गेले आहे, म्हणून ही रस्त्यावर निघत नाही. शेजारी हेच सांगतात, दूधवाला हेच सांगतो. हे विधान साफ खोटे आहे. माझी एकही तार गेलेली नाही. मात्र एखादे विधान खोटे आहे एवढे सिद्ध केल्याने ते का केले गेले हे कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय कोणी कोणाला खोटे ठरवू नये, अशा मताची मी आहे. म्हणून सगळे क्रमाने सांगते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी घर नव्हते, चाकांवरचे नुसते खोके होते. पुढे दोन आसने, मागे मोकळा पत्रा. पहिली काही वर्षे मी एका लाँड्रीचे गठ्ठे वाहिले. लाँड्री बंद पडली आणि मला अण्णांनी विकत घेतले. अण्णा ड्राफ्ट्समन, कचेरीत बसून पुलांचे आराखडे काढत. संध्याकाळी घरी आले की बाह्या सरसावून ते माझ्यामागे लागत. त्यांनी खिडक्या कापल्या, दिवसा बाक आणि रात्री पलंग होईल अशी फळ्यांची जोडणी केली, शेगडीसाठी कोनाडा केला. पडदे त्यांच्या पत्नीने, माईंनी, शिवले आणि ते वीतभर आखूड झाले.

"अगं, पडदे शिवलेस की गाडीला झबलं?" अण्णा म्हणाले.

"माप तुम्हीच दिलं होतं. खिडकी नंतर वाढवलीत, ती कुणाला विचारून?"

हा वाद पुढे प्रत्येक सहलीत निघे आणि त्याचा निकाल कधीच लागला नाही.

वायरिंगही अण्णांनीच केले. जुन्या तारा काढून टाकून त्यांनी नव्या ओढल्या: डाव्या इंडिकेटरची हिरवी, उजव्याची पिवळी, डॅशबोर्डावरच्या दिव्यांची लाल, आणि विजेला परत नेणारी, अर्थची, काळी. पाचवा रंग त्यांनी माझ्या अंगात येऊ दिला नाही. स्टिअरिंगजवळची दांडी हलवली की त्या त्या बाजूचे दिवे उघडझाप करत, फ्लॅशर टिकटिक करी, आणि डॅशबोर्डावर एक हिरवा ठिपका त्याच तालात लुकलुके. वळण्यापूर्वी दांडी हलवण्याचा अण्णांचा नेम निर्मनुष्य रस्त्यावरही चुकत नसे.

"बाबा, मागे कुणीही नाहीये. फक्त एक गाय आहे," मागच्या बाकावरून त्यांची लेक म्हणे.

"मग गाईला कळायला नको?"

ती वर्षे सुखाची होती. समुद्राकाठची वाळू माझ्या दारांच्या फटीत अजून सापडेल. पेट्रोल पंपावर लोक माझ्याभोवती गोळा होत, आणि अण्णा त्यांना पलंग उघडून, मिटून, पुन्हा उघडून दाखवत. माईंचा चहा तोवर थंड होई. लेक त्याच पलंगावर झोपत मोठी झाली. मग तिचे पाय पलंगाबाहेर येऊ लागले, आणि मग ती आमच्याबरोबर यायची थांबली.

माझ्यात कधी बिघाड झालाच नाही, असा माझा दावा नाही. अण्णा निवृत्त झाले त्या सुमारास एक खरा बिघाड झाला. मागचा उजवा दिवा मंद पेटू लागला, ब्रेक दाबला की डॅशबोर्डावरचा हिरवा ठिपका आपोआप उजळू लागला, आणि इंडिकेटरच्या प्रत्येक टिकटिकीबरोबर पेट्रोलचा काटा मान डोलावू लागला. दुसऱ्या कोणी बल्ब, फ्लॅशर आणि मीटर असे तिन्ही बदलून टाकले असते. अण्णा म्हणाले, "तक्रारी तीन आहेत, पण या तिघांची परतीची वाट एकच आहे." ते माझ्याखाली आडवे झाले. काळ्या तारेचे टोक जिथे माझ्या सांगाड्याला आवळले होते, तिथला नट गंजून गेला होता. वीज परत जाऊ पाहत होती. वाट अडलेली, म्हणून ती भलत्याच दिव्यांत शिरत होती. अण्णांनी ती जागा पॉलिश पेपरने लख्ख घासली, नट बदलून आवळला, आणि काटा जागच्या जागी उभा राहिला.

"अगं, बाहेर ये, बघ!" त्यांनी माईंना हाक मारली. त्या पिठाच्या हातांनी आल्या, काटा पाहिला आणि म्हणाल्या, "हं. आता अंघोळ करा."

मित्रांनो, दोष शोधण्याची ही पद्धत ध्यानात ठेवा, कारण पुढचे दुःख याच पद्धतीतून आले.

त्यानंतर काही वर्षांनी एका दुपारी आम्ही बाजारातून परतताना डावीकडे वळलो, आणि सायकलवरची एक बाई माझ्या दाराला घासून पडली. तिचा गुडघा फुटला.

"इंडिकेटर द्यायला काय हात मोडला होता का?" ती ओरडली.

"दिला होता हो, बाई! पेटला नसेल," अण्णा कळवळून म्हणाले.

दांडी हलली नव्हती. हे माझ्याइतके खात्रीने कोणी सांगू शकणार नाही. तरीही अण्णा खोटे बोलत नव्हते, हेही मी तितक्याच खात्रीने सांगते. हात उचलल्याचे त्यांना स्पष्ट आठवत होते. फक्त तो हात उचलला गेला नव्हता.

मग शोध सुरू झाला. अण्णांनी बल्ब काढून पाहिले, ते चांगले होते. फ्यूज पाहिला, नवा फ्लॅशर लावला, अर्थचा नट पुन्हा घासला. अंगणात उभी असताना माझे सगळे दिवे बिनचूक पेटत. रस्त्यावर गेलो की अण्णांच्या मते ते दगा देत. कधी असतो आणि कधी नसतो, अशा दोषाने भले भले कारागीर टेकीला येतात. अण्णांनी डॅशबोर्ड उघडला. तारा बाहेर लोंबू लागल्या. जे धड होते तेच अण्णा पुन्हा पुन्हा सोडवत आणि पुन्हा जोडत, आणि एके दिवशी जोडताना हिरवीच्या जागी पिवळी गेली. त्यानंतर डावीकडे दांडी केली की उजवा दिवा पेटू लागला. ज्याने रंगांत कधी गल्लत केली नाही त्या माणसाची ही चूक होती. माई दारात उभ्या राहून पाहत होत्या. पदराने माझ्या काचेवरचा एक डाग त्या बराच वेळ पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाड्यांचे इलेक्ट्रिक काम करणाऱ्याला बोलावले. त्याच्या कानावर नेहमी टेस्टर खोचलेला असे, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणत. त्याने हिरवी आणि पिवळी आपापल्या जागी लावली, डॅशबोर्ड बंद केला आणि म्हणाला, "अण्णा, आता तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो. माई, तुम्ही मागे."

आम्ही निघालो. पहिल्या वळणावर दांडी हलली. दुसऱ्या वळणावर नाही.

"बघितलंस? पेटला नाही!" अण्णा जवळजवळ आनंदाने म्हणाले, साक्षीदार मिळाला होता ना.

टेस्टरची नजर दांडीवरच होती. त्याने आरशातून माईंकडे पाहिले. माईंनी मान खाली घातली.

"बघितलं, अण्णा," तो म्हणाला.

परतल्यावर अण्णा हात धुवायला आत गेले. लेक आलेली होती. तिघे माझ्या सरकत्या दाराशी उभे राहिले, आणि जे बोलले ते मी सगळे ऐकले.

"आई, आता सरळ सांगून टाक त्यांना," लेक म्हणाली. "डॉक्टर त्यांच्या विसरण्याबद्दल काय म्हणाले ते माहितीये ना तुला? त्या दिवशी गुडघ्यावर निभावलं. उद्या कुणाचा जीव गेला तर?"

"गाडी बंद होणार. त्यात दुमत नाही."

"मग कारण सांगायला काय हरकत आहे? सगळा जन्म दुसऱ्यांच्या आराखड्यांतल्या चुका खोडरबराने खोडत बसले ते. त्यांना खरं ऐकायचा हक्क नाही?"

"आहे गं. पण खरं सांगितलं तर काय होईल? कारण ते दोन दिवसांत विसरतील. लाज तेवढी राहील, आणि कशाची ते आठवणार नाही. तसं नाही राहू देणार मी त्यांना." मग त्या टेस्टरकडे वळल्या. "तू सांग त्यांना. वायरिंग गेलं म्हणून."

"माई, काहीही काय! घरासारखी गाडी आहे ही. धड गाडीला मेलेली म्हणू?"

"गाडीला वाईट वाटणार नाही रे."

मित्रांनो, माईंचे हे एक विधान मात्र तपासून घ्यायला हवे होते.

अण्णा टॉवेलाने हात पुसत आले. टेस्टर खाली पाहत म्हणाला, "अण्णा, वायरिंग आतून सडलंय. जोडून भागणार नाही. रस्त्यावर काढू नका आता हिला."

"कुठली तार?" अण्णांनी विचारले. "दाखव."

पुराव्याशिवाय ते ऐकणार नाहीत, हे टेस्टरला आधी सुचायला हवे होते. तो गडबडला. त्याने पिशवीत हात घातला आणि कुठल्यातरी दुसऱ्या गाडीतून काढलेला तारेचा एक जुना तुकडा पुढे केला. आतले तांबे काळेहिरवे पडले होते. वरचे आवरण निळे होते.

अण्णांनी तो तुकडा चिमटीत धरला आणि उजेडाकडे वळवला.

"निळी," ते म्हणाले.

अण्णांनी टेस्टरकडे पाहिले, लेकीकडे पाहिले. माईंकडे ते बराच वेळ पाहत राहिले. त्या माझा पडदा ओढून खाली पुरवू पाहत होत्या. मग अण्णांनी तो तुकडा नीट गुंडाळून टेस्टरच्या हातात परत दिला.

"बरं," ते म्हणाले. "गेलं म्हणायचं वायरिंग."

बॅटरी त्यांनी दुसऱ्या कोणाला काढू दिली नाही. आधी काळी तार सोडवली, मग लाल, शिस्त तीच. सगळे आत गेल्यावर ते माझ्या डॅशबोर्डावर हात ठेवून उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "सगळं स्वतःवर घेतलंस गं."

त्या दिवशी त्यांना सगळे कळले होते. नंतर तेही ते विसरले. आता उरले आहे ते एवढेच, की वायरिंग गेले. सत्य आधी गेले, खोटे टिकले. आणि ते टिकावे अशीच सोय आम्ही सर्वांनी मिळून केली होती. मी जन्मभर जशी वीज तसा उजेड दाखवत आले. हिशेबात न बसणारी अशी ही एकच गोष्ट माझ्या वाट्याला आली. ती न्याय्य होती की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. न्याय्य नव्हती. पण दोष कोणाच्या तरी पदरी पडणारच होता, आणि तो वाहायला माझी पाठ अधिक रुंद होती.

कधीकधी दुपारी अण्णा येऊन माझ्या आसनावर बसतात. माई शेजारी बसतात. अण्णा आरशात पाहतात आणि वळण्यापूर्वी दांडी हलवतात. आता कधीच विसरत नाहीत. हिरवा ठिपका उजळत नाही.

"बघ, पेटत नाही," ते म्हणतात. आणि आता त्यांचे म्हणणे खरे असते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांचे नट आवळा, गंज घासा, हे मी तुम्हाला सांगणारच आहे. पण त्याहून मोठे मागणे आहे. कुंपणावरून चेंडू आत आला आणि तो घ्यायला तुम्ही आलात, तर माझ्याजवळ उभे असलेले एक वयस्क गृहस्थ तुम्हाला विचारतील, "काय रे, हिला काय झालंय?" तुम्हाला आता खरे ठाऊक आहे. तरी त्यांच्याकडे पाहून, हसू न आणता, सांगा: वायरिंग गेलंय, आजोबा.