अर्ध्या वाटेवरचा माणूस

गोजराबाईला अक्षरओळख होती, पण एसटीची पाटी आणि स्वतःचं नाव एवढ्यापुरतीच. दुसरीत शाळा सुटली. त्याचं तिला दुःख नव्हतं, कारण शिकलेल्यांची अक्कल तिनं साठ वर्षं जवळून पाहिली होती. गोष्टीची भूक मात्र दांडगी. देवादिकांच्या कथा तिला तोंडपाठ; भागवत सांगायला आलेल्या महाराजांना ती मधेच थांबवून दुरुस्त करायची. म्हणून उज्ज्वलानं, तिच्या सुनेनं, मोबाईलवर ऐकायची पुस्तकं लावून दिली तेव्हा बाईनं आधीच बजावलं, "देवाचं नको. जे म्या कधी ऐकलंच नाही ते लाव."

मग आभाळातल्या गावांचं सुरू झालं. यानं, लोखंडाची माणसं, बोलणारी झाडं, दोन-दोन सूर्यांचे मुलुख. दिवेलागणीनंतर दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधता बांधता सासूसुनांनी दोन महिन्यांत सात ग्रह पालथे घातले. "लोखंडाचा माणूस बरा," गोजराबाई म्हणायची. "चहा मागत नाही."

एक खोड तिची गेली नाही. गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, दर दोन वाक्यांनी 'हूं' म्हणायचं, नाहीतर गोष्टीतली माणसं वाटेतच उभी राहतात, अशी तिला शिकवण. मोबाईलमधून गोष्ट सांगणाऱ्या बाप्यालाही ती हूं द्यायची.

"आई, त्याले ऐकू येत नाही," उज्ज्वला हसायची.

"तुले येते ना? मंग झालं."

माघातल्या एका दिवशी उज्ज्वला माहेरी निघायची होती. सातवा महिना, पहिलं बाळंतपण. तिचा धाकटा भाऊ ऋषिकेश जऊळक्याहून गाडी घेऊन अकरापर्यंत येणार होता. नवरा हर्षल भाजी घेऊन मंगरूळपीरला गेलेला. पिशव्या सकाळपासून ओसरीत बांधून ठेवलेल्या, आणि गोजराबाईचं तोंड त्याहून घट्ट बांधलेलं. चार महिने भांडायलासुद्धा घरात कोणी राहणार नव्हतं, पण हे ती मेली तरी बोलली नसती.

"लाव गोष्ट," ती मेथीच्या ढिगाशी बसत म्हणाली. "जाशील तोवर तेवढाच भाग होईन."

"दिवसा? दिवसा गोष्ट आयकली का मामा वाट चुकते. तुमीच म्हणता."

"माहा मामा मरून तीस वर्षं झाली. कोण चुकते?"

उज्ज्वलानं पोटावर हात ठेवला. "याचा येऊन राह्यला ना आज."

"जो अजून जलमला नाही त्याले कायचा मामा? अन् चुकला तर चुकू दे. दोन दिवसानं आला तर काही आभाळ कोसळत नाही. लाव."

उज्ज्वलानं लावली.

त्या भागात एक वाटसरू होता. त्याचं यान मोडलेलं, आणि तो पायी निघालेला अशा मुलखातून जिथं दिवस बुडतच नाही. पांढरी, गुळगुळीत वाट. पायाशी सावली नाही. चालून चालून दमला की समोर तोच काळा दगड, जिथून तो निघाला होता.

"हूं," गोजराबाई म्हणाली.

मग तिच्या ध्यानात आलं की सांगणारा आज थांबतोय. तिनं मुद्दाम ओठ मिटले. मोबाईलमधला बाप्याही गप्प. पडद्यावर वेळेचे आकडे पळत होते, आवाज नव्हता. तिनं पाच जुड्या बांधल्या. सहावी हातात घेऊन ती हळूच म्हणाली, "हूं," आणि तो पुढं बोलायला लागला. उज्ज्वला वाकून काड्या निवडत होती. बाईनं तिला काही सांगितलं नाही.

वाटसरू दोन वाटांच्या फाट्याशी आला. एक पाय त्यानं उचलला. आणि भाग संपला. पुढचा भाग शनिवारी, असं एका बाईनं गोड आवाजात सांगितलं.

अकरा वाजून गेले, बारा वाजले. एकच्या सुमारास ऋषिकेशचा फोन आला. उज्ज्वलानं आवाज मोठा केला.

"ताई, मंगरूळच्या अलीकडंच हाये मी. पण रस्ता संपूनच नाही राह्यला. एक काळा दगड हाये, तो आता तिसऱ्यांदा आला."

"कोणाले विचार ना."

"असलं तर विचारीन. दोन तासांत एक सायकल नाही दिसली." तो हसला, हसण्यात हसू नव्हतं. "अन् ताई, खाली उतरून पाह्यलं म्या. माही सावली पडून नाही राह्यली."

फोन तुटला. परत लावला तर लागेना. सात वेळा लावला. उज्ज्वलानं सासूकडं पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर गोजराबाईनं त्याला सवाई उत्तर दिलं असतं. राग नव्हता, नुसती भीती होती.

"काय पाह्यतं? डोळ्यानं गिळतं का मले?" ती म्हणाली, पण हातातली जुडी सुटून काड्या मांडीवर पसरल्या.

तिनं दोन घटका विचार केला. गोष्ट अर्ध्यात थांबली म्हणून पोरगं अर्ध्यात थांबलं. शनिवारपर्यंत ती त्याला तिथं ठेवणार नव्हती. तिनं मोबाईल पालथा घातला, मांडी ठोकून बसली आणि म्हणाली, "पुढची मी सांगीन. तू हुंकार दे. चुकू नको."

"तुमाले पुढचं ठाव हाये?"

"नाही. म्हणूनच चुकू नको." तिनं घसा साफ केला. "तर तो फाट्याशी उभा होता. डावीकडची वाट पांढरी, लोण्यावानी. ती त्यानं नाही धरली."

"हूं."

"उजवीकडं खड्डेच खड्डे. म्हणजे सरकारी रस्ता. सरकारी रस्ता कुठंतरी गावालेच जाते."

"हूं."

"पुढं हापशी लागली. हापशीवर दोन बाया भांडून राह्यल्या होत्या. त्याले लय बरं वाटलं."

"हूं."

बाभळी आल्या, नाला आला, लांबून दर्ग्याचं हिरवं निशाण दिसलं. सांगता सांगता गोजराबाईला जाणवलं की तिच्या शब्दांपुढं कोणीतरी चालतंय, आणि तिच्यापेक्षा भरभर. त्याचं पाऊल पडायच्या आत तिला पुढची जमीन अंथरावी लागत होती. कपाळावर घाम आला.

"मंग त्यानं विचारलं, माही वाट कोणी पाहून राह्यलं का?"

"हूं."

"बहीण पाहून राह्यली होती."

"हूं."

इथं तिची जीभ अडली. पुढं रस्ताच दिसेना. खोटं बोलून तो अंथरता येणार नाही, एवढं तिला कळलं.

"अन् बहिणीची सासूबी," ती म्हणाली. "तिनंच त्याले चुकू दे म्हटलं होतं. सून जाऊ द्यायची नव्हती तिले. घरात दुसरं कोण होतं तिच्याशी बोलाले?"

हुंकार आला नाही.

"हूं म्हण, उज्ज्वला."

उज्ज्वला पदरानं तोंड दाबून रडत होती. मोठ्या कष्टानं ती म्हणाली, "हूं," आणि फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला.

गोजराबाई गोष्ट तशीच टाकून उठली.

ऋषिकेश पांढऱ्या धुळीनं माखला होता. दोन तांबे पाणी पिऊन झाल्यावर त्याला आवाज फुटला. "ताई, तू कुठून हूं म्हणत होती? ज्या अंगानं हूं यायचं त्या अंगाले गाडी वळवत आलो मी. मधात एकदा तू गप झाली, तरी येतच होतं."

"मी गप झाली तवा?"

"तवा बाप्याचा आवाज होता. मागच्या सीटवरून." त्यानं तांब्या खाली ठेवला. "म्या मागं नाही पाह्यलं, मावशी. नाही पाहावं वाटलं."

गोजराबाईला उमगायला वेळ लागला नाही. त्या वाटेवर एक नव्हे, दोघं होते: सुनेचा भाऊ, आणि ज्याची ती गोष्टच होती तो वाटसरू. तिच्या बोलावर दोघंही चालत आले. भावाला घर मिळालं. दुसऱ्याचं घर सांगायच्या आत ती उठली होती. आणि त्याच मागच्या सीटवर उज्ज्वला आता पोट सांभाळत बसणार होती.

"दोघं आत जा. जेवा," ती म्हणाली. "अन् उज्ज्वला, आता काही झालं तरी हूं म्हणायचं नाही."

तिनं गाडीचं मागचं दार उघडलं. आत कोणी नव्हतं. ती समोर जमिनीवर बसली.

"मंग वाटसरू गाडीतून उतरला," ती म्हणाली.

"हूं," सीटवरून आलं. बारीक आणि थकलेलं.

समोर येऊन बसलेल्यापुढं मान खाली घालायची तिची रीत नव्हती. "त्यानं घराकडं नाही पाह्यलं. हे घर त्याचं नव्हतं."

तिनं वाट पाहिली, जशी सकाळी तिच्या हुंकाराची मोबाईलमधल्या बाप्यानं पाहिली होती.

"हूं." आता कुंपणापाशी.

मग तिनं त्याला मेथीच्या वाफ्यांमधून नेलं, शेजारच्या बापूरावाच्या हरभऱ्याच्या धुऱ्यावरून, त्या बांधावरून पलीकडं नेलं. तिथून पुढं जमीन पांढरी केली. त्याचा मुलूख तिनं पाहिला नव्हता, पण सात ग्रह ऐकले होते. त्या साऱ्यांतून उसनं घेऊन ती वाट अंथरत गेली. "चालता चालता त्याच्या पायाशी सावली आली. त्या मुलखात पहिल्यांदा दिवस बुडून राह्यला होता."

"हूं." फार लांबून, वाऱ्यात विरत.

"समोर दार होतं. आत कोणी भाकर थापून राह्यलं होतं. त्यानं कडी वाजवली. आतल्या माणसानं त्याले नावानं हाक मारली, अन् तो आत गेला."

ती थांबली. कान देऊन बसली. हरभऱ्याकडून काही आलं नाही. थोड्या वेळानं सकाळपासून गप्प असलेल्या साळुंक्या लिंबावर कलकलायला लागल्या.

"पोचला," ती स्वतःशी म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. मागच्या सीटवर तिनं हात फिरवला. गाडी लिंबाच्या सावलीत उभी होती, तरी सीट ऊबदार होती, आणि मधोमध माणूस बसल्यासारखा खळगा पडलेला. तिनं तो पदरानं पुसला. तो काही भरून आला नाही.

"चाल, उज्ज्वला," तिनं हाक मारली. "दिवस हाये तोवर पोचा. अन् बाळाले घेऊनच ये, मले कारणं सांगू नको."

उज्ज्वला पाया पडली आणि सवयीनं मागच्या दाराकडं वळली.

"तिकडं नाही. पुढं बस, भावाजवळ." गोजराबाईनं मेथीचं गाठोडं उचललं आणि मागच्या सीटवर, बरोबर त्या खळग्यात, ठेवून दिलं.