आजोबा पुन्हा तेरा वर्षांचे झाले

आजोबा त्र्याऐंशीचे झाले तेव्हा आमच्या सिनेगॉगचे धर्मगुरू मुद्दाम घरी आले. म्हणाले, "आपल्याकडे सत्तर वर्षं म्हणजे भरलेलं आयुष्य. तिथून पुढे नव्याने मोजायचं. म्हणजे तुम्हाला आता तेरावं वर्ष. तेराव्या वर्षी मुलगा पहिल्यांदा सगळ्यांसमोर आपली पवित्र पोथी, तोरा, वाचतो, तशी तुम्ही परत वाचा."

"म्हणजे मी आत्ता कुठे वयात आलो म्हणायचा!" आजोबा खूश.

जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. ग्रीसने काळवंडलेली बोटं पुस्तकावर टेकवून ते स्वयंपाकघरात सरावाला बसले. पहिल्याच ओळीत अडखळले.

"चूक," अक्का मटार सोलत म्हणाली. तिने मान वरही केली नव्हती.

अक्का त्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, निवृत्त झाल्यावर आमच्याकडेच राहिली. डोळ्यांनी आता जेमतेम दिसायचं, पण आवाज अजून खणखणीत. तिने हाक मारली की खालच्या मजल्यावरचे लोकही "ओ" द्यायचे.

आजोबा पुन्हा चुकले. अक्काने पुढचं अख्खं वाक्य सुरात म्हणून दाखवलं.

मी चाट पडले. "अक्का, तुला हे पाठ आहे?"

"हा तेरा वर्षांचा होता तेव्हा बाबा रोज याला रडवून शिकवायचे. मी शेजारी भांडी घासायची. याच्याआधी माझं पाठ झालं."

"मग तू का नाही वाचलंस?"

"तेव्हा मुलींना कोण बोलावतंय!" ती हसली आणि मटाराचा एक दाणा तोंडात टाकला. आजोबांनी खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली.

वाचनाच्या शनिवारी सिनेगॉग गच्च भरलं होतं. आजोबांनी नवा कोट घातला होता. आमच्याकडे तोराच्या गुंडाळीला हात लावत नाहीत. ओळीवर फिरवायला चांदीची काडी असते. ती धरून त्यांनी निम्मा भाग छान वाचला आणि मध्येच थांबले. चष्मा पुसला, परत बघितलं. शब्द काही केल्या येईना.

तेवढ्यात मागच्या बाकावरून अक्काने तो शब्द सांगितला. हळूच सांगितला असं तिचं नंतरचं म्हणणं, पण ज्याला तो ऐकू आला नाही असा एकही माणूस नव्हता. सगळे हसायला लागले.

आजोबा वळले. "अक्का, पुढे ये. आपण दोघं मिळून वाचू." मग धर्मगुरूंकडे बघून म्हणाले, "चालेल ना?"

"मी तेच म्हणणार होतो," धर्मगुरू म्हणाले आणि स्वतः बाजूला सरकले.

मी तिचा हात धरून तिला पुढे नेलं. आजोबा काडी फिरवत एकेक शब्द पुटपुटायचे आणि अक्का तो खड्या आवाजात गायची. पिकल्या केसांचा माणूस समोर आला तर उठून उभं राहा, अशी आज्ञा त्याच भागात येते. ती तिने म्हटली मात्र, पहिली रांग उठली, मग दुसरी, मग सगळं सिनेगॉग.

"बसा रे, अजून बरंच आहे!" अक्का म्हणाली.

जेवणाच्या वेळी जो तो तिला आमच्या रीतीप्रमाणे म्हणत होता, "एकशे वीस वर्षं जगा!"

"इतकी कशाला? पोट भरलंय माझं," ती म्हणाली आणि केकचा दुसरा तुकडा मागून घेतला.

काही आठवड्यांनी अशाच एका शनिवारी, दुपारचं जेवण झाल्यावर, तू सूर फार ओढतोस असं आजोबांना सुनावून ती खुर्चीत लवंडली. मी चहाला उठवायला गेले तर ती गेली होती. चेहरा तसाच, काहीतरी सुनावायच्या बेतातला.

"दुधातून केस काढावा तसा काही जणांचा जीव जातो," धर्मगुरू म्हणाले. "असं मरण भल्या माणसांना येतं, असं आपले जाणते सांगून गेलेत."

शोकाचे सात दिवस घरात माणसं मावत नव्हती. एक अनोळखी म्हातारे गृहस्थ आले. तरुणपणी ते परगावी असताना त्यांना मुलगी झाली होती. अक्काने घरी ट्रंक कॉल जोडून दिला आणि ठरलेली तीन मिनिटं संपली तरी तोडला नाही. ते सांगत होते, "'बाळाचं रडणं तुम्हाला ऐकू येईपर्यंत मी लाइन धरून ठेवते,' म्हणाल्या. बाळ झोपलेलं, आणि या तिकडून माझ्या सासूबाईंना सांगतायत, चिमटा काढा!"

आजोबा रडत होते. रडता रडताच त्यांना हसू फुटलं. डोळे पुसून ते त्या गृहस्थांच्या जवळ सरकले.

"मग? काढला का चिमटा?"