नखभर खाली

सगळे तिला टिमकी म्हणत, कारण ती दिवसभर स्वतःचीच वाजवत असायची. शाळा सुटली की दप्तर भिरकावून ती थेट मामाच्या कारखान्यात हजर. पाय गमावलेल्यांसाठी मामा पळायची पाती बनवायचा: कार्बनच्या काळ्या कापडाचे थर एकावर एक, मध्ये चिकट रेझिन, वरून भट्टीचा शेक. त्यातलंच एक पातं ताईचं, म्हणजे मामाच्या मुलीचं. उद्या तिची निवडीची शर्यत होती आणि त्या पात्यावर तिचा जीव होता.

"ताई, तुझं पातं थकलंय. उद्या यावर पळू नकोस," टिमकीने जाहीर केलं.

"थकलंय? मग जरा झोपव की त्याला!"

मामाने खिशातलं नाणं काढून पात्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत टकटक केली. थर सुटले असतील तिथे आवाज बद्द येतो. इथे सगळीकडे स्वच्छ टणटण. "खणखणीत आहे गं. झालं समाधान?"

"नाण्याला सुटलेले थर कळतात, मामा. बारीक तडे त्याच्या आधीच पडतात, आडव्या धाग्यांच्या थरांत. वरून गुळगुळीत, आतून पोखरलेलं! पण असं पातं जास्त वाकतं. मी भिंतीवर लावून पाहिलं, बोटभर खाली गेलंय."

त्या भिंतीवर प्रत्येक पात्याची रेघ होती. नवं पातं पकडीत आवळायचं, टोकाला ठरलेलं वजन टांगायचं, टोक उतरेल तिथे रेघ मारायची. बोटभर म्हणजे फारच झालं. मामाचा चेहरा पडला. मग त्याचं लक्ष पकडीकडे गेलं.

"टिमके, बोल्ट कुठल्या भोकात घातलास?"

"वरच्या."

"रेघ खालच्या भोकाची आहे. वर पकडलं की पातं लांब होतं. लांब झालं की झुकणारच."

ताई खो-खो हसली. "हात दाखवून अवलक्षण!"

टिमकीचे कान लाल झाले, पण क्षणभरच. "बरं, चुकले. पुन्हा लावू."

बोल्ट खालच्या भोकात गेला. वजन हेलकावे खाऊन थांबलं. तिघंही वाकून बघू लागले. टोक रेघेच्या नखभर खाली होतं.

"नखभर तर आहे," ताई म्हणाली, पण हसू आवरलं होतं.

"नखभर आहे म्हणून तू अजून उभी आहेस!"

मामाने टोक आणि रेघ यांच्यामध्ये स्वतःचं नख धरून पाहिलं. "गिऱ्हाइकाला मी हे परत दिलं नसतं," तो शेवटी म्हणाला.

"आणि तू बनवलेलं नवं पातं? ते मला नुसतं उडवतं, बाबा. वळणावर मी हरेन."

टिमकीने खडू घेतला आणि पातं जिथे वाकतं त्या बाकदार भागावर आतून वर्तुळ काढलं. "मामा, हे दणके देणाऱ्या यंत्रावर चढव. धड पातं तिथे दिवसचे दिवस टिकतं, तूच सांगतोस ना? हे आजच फुटेल, आणि इथेच. नाही फुटलं तर वर्षभर ताईचा बूट मी पुसेन."

"बूट एकच तर आहे, लबाडे," ताई म्हणाली.

पण यंत्रावर चढलेलं पातं परत पायात येत नाही, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. तिने ते एकदा हाताने चाचपलं आणि स्वतःच मामाकडे दिलं. "हरले तर तुझ्यामुळे हं, टिमके."

"आणि जिंकलीस तर?"

"तर माझ्यामुळे!"

आत यंत्र धपधप करू लागलं. बाहेर अंगणात ताई नवं पातं लावून रिकाम्या पिंपांभोवती वळणं घेऊ लागली. ती अडखळायची, पात्याच्या सात पिढ्या उद्धारायची, पुन्हा धावायची. "आतला खांदा खाली!" टिमकी बेंबीच्या देठापासून ओरडत होती. हळूहळू शिव्या कमी झाल्या, वळणं गोल झाली. आणि तेवढ्यात आतून आवाज आला, कडाड!

मामा पातं घेऊन बाहेर आला. बाकदार भागात आरपार तडा होता.

ताईने वाकून पाहिलं. "वर्तुळाच्या जरा बाहेर फुटलंय."

टिमकीने खिशातून खडू काढला आणि वर्तुळ मोठं केलं. "आता आत आहे."

ताईने तड्यावरून बोट फिरवलं. उद्याचं वळण तिच्या डोळ्यांपुढे आलं असावं, कारण तिचा हात जरा थबकला. मग तिने पाना उचलला आणि नव्या पात्याचा बोल्ट अजून घट्ट केला.

"चल, अजून एक वळण. आणि ओरड जरा मोठ्याने. उद्या मैदानात गर्दी असेल."