दोनदा उचललेला बाक

मला दोनच पाय आहेत आणि तेही दगडाचे. तरी मित्रांनो, मी पोलीस ठाण्यापर्यंत जाऊन आलो आहे. गुन्हा मी केला नव्हता. ज्यांनी केला ते मोकळे होते, आणि मला पकडणं सोपं होतं, एवढंच.

मी म्हैसूरच्या पागा गल्लीतला एक जुना बाक आहे. इथले मराठे याच गल्लीतून घोडे घेऊन कवायतीला जायचे. घोडे गेले, कवायत गेली, नावापुढचं ‘राव’ तेवढं राहिलं. नागोजीराव दफेदार वारले तेव्हा त्यांच्या लेकीने, वनजाबाईंनी, वडिलांच्या नावाने मला घडवून घेतलं. खाणीतून बैलगाडीने आलो. पाथरवटाने माझ्या कडेवर नाव कोरलं आणि गल्लीच्या तोंडाशी, छोट्या बागेच्या कुंपणाला लावून मला बसवलं. माणसं मला कल्लबेंच, म्हणजे दगडी बाक, म्हणू लागली. हे कन्नड नाव मला आवडतं.

माझे चांगले दिवस पुष्कळ झाले. सकाळी भागीरथीबाई आणि त्यांच्या मैत्रिणी सूप घेऊन यायच्या. थंडीत अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांना तो खास वास चढतो, त्याला सोगड म्हणतात. त्या शेंगा सोलता सोलता त्या साऱ्या मोहल्ल्याची सालं काढायच्या. संध्याकाळी पेन्शनवाले बसायचे. समोरच वनजाबाईंचा शिवणाचा क्लास होता. दिवेलागणीला मुली हसत बाहेर पडायच्या, आणि म्हातारे घड्याळात बघून म्हणायचे, “क्लास सुटला, चला.”

मग कोपऱ्यावर दारूचं दुकान आलं. माझ्या डोक्यावरचा दिवा कुणीतरी दगड मारून फोडला आणि संध्याकाळी माझ्यावर टोळकं बसू लागलं. माझ्या अंगावर बाटल्या फुटल्या. नागोजीरावांच्या नावावर ही पोरं थुंकली. या शूर वीरांची मजल कुठवर, तर शिवणाच्या पिशव्या घेऊन जाणाऱ्या मुलींना शीळ घालण्यापर्यंत. पेन्शनवाल्यांनी यायचं सोडलं. मुली एकेक करून गळू लागल्या. सगळ्यांत हुशार तुंगा तेवढी टिकून होती. तिला ब्लाउजचं कापड अंदाजाने कापता यायचं, आणि शिलाईवर स्वतःच्या पायावर उभं राहायचं हा तिचा ध्यास होता.

वनजाबाई ठाण्यात गेल्या. सब-इन्स्पेक्टर पद्मनाभ म्हणाले, “दिवा नाही म्हणून पोरं बसतात अम्मा. दिवा पालिकेचा.” त्या वॉर्ड ऑफिसात गेल्या. तिथले वेंकटेश म्हणाले, “दिवा लावला की पोरं फोडतात. पोरं पोलिसांची.” जणू पोलिसांनीच ती पाळली होती! वनजाबाईंच्या चपला झिजल्या. दोन्ही खात्यांच्या खुर्च्या मात्र जागच्या हलल्या नाहीत.

शेवटी वरून हुकूम आला, की समाजकंटकांचा बंदोबस्त पोलिसांनी आणि पालिकेने मिळून करावा. लगेच संयुक्त समिती झाली. समितीच्या बैठका झाल्या. बैठकीत कॉफी आली, खारा म्हणजे फरसाण आलं, आणि या महिन्यात कॉफी कोणत्या खात्याने पाजायची यावर बराच वेळ गेला. एवढं झाल्यावर संयुक्त मोहीम ठरली. दोन्ही खात्यांना सोयीची वेळ एकच निघाली, सकाळी अकरा.

मित्रांनो, दारुडे सकाळी अकराला झोपलेले असतात. हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे.

एक जीप आली, मागून पालिकेचा ट्रक आला. सगळे शिट्ट्या वाजवत उतरले. माझ्यावर भागीरथीबाई आणि दोन म्हाताऱ्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

“इथे कोण कोण बसतं?” पद्मनाभांनी विचारलं.

“आम्हीच की,” भागीरथीबाई म्हणाल्या. “दिसतंय अल्वा? सुम्ने, उगाच कशाला विचारता?”

“आणि हा कचरा कुणाचा?” वेंकटेश सालांकडे बोट दाखवून म्हणाले.

“अवरेकाईचा. तुमच्या घरात सालासकट खातेत काय?”

संध्याकाळी या, तेव्हा खरे लोक दिसतील, असं वनजाबाई दारातून ओरडून सांगत होत्या. संध्याकाळी ऑफिस बंद असतं, असं वेंकटेशांनी त्यांना शांतपणे समजावलं. मग दोघे साहेब माझ्याभोवती फिरले, डोकी खाजवली आणि निदान केलं. बाक आहे म्हणून लोक बसतात. लोक बसतात म्हणून त्रास होतो. तेव्हा बाक उचला. डोकं दुखतं म्हणून डोकंच उतरवणारे वैद्य मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

शिपायांनी एक टोक धरलं, पालिकेच्या माणसांनी दुसरं, आणि मला ट्रकात घातलं. पालिकेच्या गोदामवाल्याने मला घेतलं नाही. जप्तीचा माल पोलिसांचा, म्हणाला. म्हणून मी ठाण्याच्या व्हरांड्यात येऊन पडलो. टोळक्याला माझी उणीव भासली नाही. ती पोरं कुंपणाच्या कट्ट्यावर बसू लागली. म्हाताऱ्यांना तेवढ्या उंचावर चढता येईना, त्यामुळे जागा आता दिवसरात्र पोरांचीच झाली.

ठाण्यात मी तक्रारदारांचं बूड टेकायची जागा झालो. त्या दिवसांची मला अजून शिसारी येते. पाकीट गेलेला माणूस, नवऱ्याने मारलेली बाई, सगळे माझ्यावर बसून वाट बघायचे आणि आतून पेपर चाळल्याचा आवाज यायचा.

एक दिवस वनजाबाई आल्या. टोळक्यातल्या कुणीतरी तुंगाचा हात धरला होता आणि तिच्या वडिलांनी तिचा क्लास बंद केला होता. पुढच्या महिन्यात स्थळ बघायला येणार होतं. “कूतकोळ्ळी अम्मा, साहेब कामात आहेत,” शिपाई म्हणाला. त्या बसल्या. टेकलेला हात कडेवर गेला आणि बोटांना अक्षरं लागली. वाकून त्यांनी वडिलांचं नाव वाचलं. मला वाटलं, आता रडतील. त्या उठल्या आणि तक्रार न देताच निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी भागीरथीबाई आपल्या फौजेसह ठाण्यात हजर झाल्या, बरोबर वनजाबाईही होत्या. माझ्यावर बसल्या, सुपं मांडली, सोलायला लागल्या.

पद्मनाभ बाहेर आले. “अम्मा, हे ठाणं आहे.”

“असू दे. बेंच आमचा आहे. बेंच जिथं, आम्ही तिथं.”

“बेंच पालिकेने उचलला.”

“अय्यो, मग इथं कसा आला? चालत?” वनजाबाई म्हणाल्या.

सालं व्हरांड्यात पसरली. पद्मनाभांनी पालिकेला फोन केला. ठाण्याचं आवार आमच्याकडे येत नाही, असं उत्तर आलं. म्हाताऱ्या दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशीही आल्या. तक्रारदार त्यांच्याशी बोलू लागले, मग शेंगाही सोलू लागले. एकदा मोठे साहेब तपासणीला आले आणि सालांवरून घसरता घसरता वाचले. त्या दुपारी जीप आणि ट्रक पुन्हा बरोबर निघाले. शिपायांनी एक टोक धरलं, पालिकेच्या माणसांनी दुसरं. या दोन खात्यांनी मिळून आजवर दोनच कामं केली, आणि दोन्ही वेळा मलाच उचललं.

मी जागेवर आल्यावर वनजाबाई भागीरथीबाईंना म्हणाल्या, “अक्का, सकाळी बसून उपयोग नाही. संध्याकाळी बसू.” त्यांनी आपल्या खिडकीतून वायर ओढून माझ्यावर एक बल्ब टांगला. दिवेलागणीला टोळकं आलं, तर माझ्यावर चार म्हाताऱ्या.

“तू भीमसेन ना रे, येसाजीरावांचा?” भागीरथीबाईंनी पुढच्याला विचारलं. “लहानपणी तुला मी न्हाऊ घातलंय. ये, बस. ती बाटली खाली ठेव आणि शेंगा सोल.”

भीमसेन बसला नाही. बाटली शर्टात लपवून तो गेला, आणि चार दिवसांत बाकीचेही दुसरीकडे गेले. एवढाच यांचा दरारा होता! वनजाबाई तुंगाच्या वडिलांना हाताला धरून घेऊन आल्या. ते संध्याकाळभर माझ्यावर बसले आणि टोळकं येत नाही हे त्यांनी स्वतः पाहिलं. पुढच्या सोमवारी तुंगा शिवणाची पिशवी घेऊन माझ्यासमोरून गेली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

याचं श्रेय अर्थातच संयुक्त समितीला मिळालं. माझ्यापाशीच सत्कार झाला, सकाळी अकराला. दोघा साहेबांना म्हैसूर पेटा, म्हणजे इथला फेटा, बांधला, हार घातले. फोटोसाठी जरा उठा, असं भागीरथीबाईंना सांगितलं गेलं. त्या उठल्या नाहीत. फोटोत दोन पेटे आहेत आणि मधे सूप.

मित्रांनो, पालिकेचा दिवा अजून लागलेला नाही आणि पोलीस अजून दिव्याची वाट बघताहेत. त्यांना बघू दे. भागीरथीबाई आता थकल्या आहेत, काल त्या आल्या नाहीत. तुम्ही या. मला रंग नको, सत्कार नको. दिवेलागणीला तुंगा इथून घरी जाते. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत कुणीतरी माझ्यावर बसलेलं असू द्या.