चंदाच्या आईचा कप

देवानंद मास्तर बायको-मुलीला घेऊन आफ्रिकेतल्या झांबिया देशात निघाले, तेव्हा आष्टीच्या भीमनगरात तो देश नेमका कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. परतूर स्टेशनवर पोचवायला आलेल्या बायकांना वाटलं, मुंबईच्या थोडं पुढं असेल. तिकडच्या सरकारला गणिताचे मास्तर हवे होते, देवानंदांनी अर्ज केला आणि निवड झाली, इतकीच त्यातली हकीकत. पण गावातून आगगाडीत बसून बोटीपर्यंत पोचलेलं ते पहिलंच घर होतं.

शहात्तरच्या डिसेंबरात ते पहिल्यांदा रजेवर आले, आणि देवानंदांच्या आईच्या, चांगुणाबाईच्या अंगणात दुपार झाली की बायका जमायला लागल्या. सांगणारी बेबीनंदा, देवानंदांची बायको. लग्नाआधी चार माणसांत तोंड न उघडणारी ही तीर्थपुरीची पोर आता हातवारे करून बोलायची.

"पहिल्याच दिवशी मीठ आणायला गेले. त्यांची भाषा मला येईना, माझी त्यांना. मी बोट चाटून दाखवलं, तोंड वाकडं केलं. त्या दुकानदारानं खोकल्याच्या गोळ्या काढून दिल्या!"

बायका हसून हसून लवल्या.

"खाता काय मंग तिकडं?" कौसल्यानं विचारलं.

"ज्वारी कुठली? मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा करतात लोक. मी त्याच पिठाच्या भाकरी थापायला गेले, तर तव्यावर पडायच्या आधीच तुकडे. आमच्याकडं कामाला येती ना, चंदाची आई, ती बघून अशी हसली!"

"चंदा? हे तर आपल्यातलंच नाव."

"त्यांच्यातपण असतं. बाईला नावानं न्हाई बोलवत तिथं. बाना चंदा म्हणायचं. म्हंजी चंदाची आई."

"हे बिलकुल आपल्यावानीच की," गिरिजाबाई म्हणाली. सगळ्यांना ती दूरदेशीची बाई एकदम ओळखीची वाटायला लागली. बेबीनंदाला आणखी चेव आला.

"पाऊस पडला की पंखवाल्या वाळव्या निघतात. ढीगच्या ढीग. मी दारं लावून झाडूनं मारून राह्यले, तर चंदाच्या आईनं टोपलं आणलं, सगळ्या गोळा केल्या, मीठ लावून भाजल्या. आमच्या विशाखानं मूठभर खाल्ल्या!"

आठ वर्षांची विशाखा आजीच्या पाठीला टेकून बसली होती. "शेंगदाण्यासारख्या लागतात," ती म्हणाली. पुन्हा हसू फुटलं. चांगुणाबाई सुपात तूर निवडत होती. तीही पदर तोंडाला लावून हसत होती. सुनेचं तिला फार कौतुक होतं.

"आणि वानराची गंमत ऐका," बेबीनंदा म्हणाली. "आमच्या परसात आंब्याचं झाड आहे, त्यावर वानरं. एक दिवस चंदाची आई कपडे वाळत घालून आली, चहा घ्यायला गेली, तर खिडकीबाहेरचा तिचा कप गायब! वर बघतो तर वानर फांदीवर बसून कपात तोंड घालून राह्यलंय. ही खालून ओरडती, ते वरून दात दाखवतंय. शेवटी विशाखानं केळं दाखवलं, तव्हा कुठं टाकला त्यानं कप. कान तुटला, पण कप वाचला."

बायका हसत होत्या. चांगुणाबाईचा हात सुपात थांबला.

"कप बाहीर कामून ठेवल्ता, बेबी?"

"तिचाच कप आहे ना तो, आत्याबाई. बाहेरच असतो," हसण्याच्या भरात बेबीनंदा बोलून गेली.

बोलून झाल्यावर तिला ते ऐकू आलं.

कौसल्याचं हसणं अर्ध्यावर राहिलं. गिरिजाबाई सुपाकडं बघायला लागली. त्या अंगणातल्या प्रत्येक बाईला बाहेर ठेवलेला कप म्हणजे काय, हे सांगावं लागत नव्हतं. बेबीनंदाला स्वतःलाही नाही. तीर्थपुरीच्या शाळेत वरून ओतलेलं पाणी ती ओंजळीत प्यायली होती. मनगटावरून कोपरापर्यंत जाणारा तो ओघळ आठवायला तिला डोळे मिटावे लागत नसत.

"जाते माय, जनावरं यायची झाली," म्हणत एकेक बाई उठली. चांगुणाबाईनं तूर निवडून संपवली आणि सूप भिंतीला टेकवून ठेवलं.

हे कधी सुरू झालं, ते बेबीनंदाला पक्कं आठवत होतं. झांबियात शेजारी खाणीतल्या एका इंजिनिअरची बायको राहायची, पुष्पाबाई, पुण्याकडची. नवीन घरात ती आपण होऊन आली, खुर्चीवर बसली आणि बेबीनंदाच्या हातचं पाणी घटाघटा प्यायली. जात विचारली नाही. एवढ्या मोठ्या घरची बाई आपल्या हातचं पाणी पिते, या आनंदात बेबीनंदाला त्या रात्री झोप लागली नव्हती. मग एकदा पुष्पाबाईनं गाव विचारलं, तेव्हा बेबीनंदा म्हणाली, "आम्ही शेतकरी, मराठवाड्यातले." त्यापुढं विचारू नये म्हणून ती पुष्पाबाईच्या प्रत्येक म्हणण्याला हो म्हणायला लागली. आणि एक दिवस पुष्पाबाई म्हणाली, "कामवालीची कपबशी वेगळी ठेव हं, काय काय खातात हे लोक." त्याच संध्याकाळी बेबीनंदानं एक कप खिडकीबाहेर नेऊन ठेवला. तिला त्यात काही जड गेलं नव्हतं. आता तेच तिला सोसवेना.

देवानंद आतल्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तुम्ही कधी बोलला न्हाईत," ती हळू आवाजात म्हणाली.

"शाळेतून आलो की दिसायचा तो कप," ते खाली बघत म्हणाले. "मी तिकडं बघायचोच न्हाई. घरात कटकट नको म्हणून. वर्गात पोरांना सगळी माणसं सारखी म्हणून सांगायचो, आणि घरी..."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू-सुना रानात हरभऱ्याची भाजी खुडायला गेल्या. पाल्यावर दव होतं. चांगुणाबाई वाकूनच बोलायला लागली, सुनेकडं न बघता.

"देवानंद पोटात व्हता तव्हा मी एका घरी शेणपाण्याला जायची. माझा कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असायचा. एकदा काढला तर आत मुंगळे. मी झटकले आन् कप म्होरं केला. घरची बाई चांगली व्हती गं. कवा शिवी न्हाई दिली. सणाला पोळी द्यायची. पर तिला त्यो कप दिसतच न्हवता. मला लई वाटायचं, हिनं एकदा तरी इकडं बघावं."

बेबीनंदा पाल्यात हात घालून तशीच वाकून राहिली. "आत्याबाई, चुकलं माझं."

"मला काय म्हंतीस? माझा कप तू थोडाच ठेवल्ता?" चांगुणाबाईनं ओटीतली भाजी दाबून बसवली. "जिचा हाये, तिला जाऊन म्हण."

जानेवारीत ते परत झांबियाला पोचले. पहिल्याच सकाळी बेबीनंदानं चहा केला, घरातल्या कपात ओतला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. "बाना चंदा, इथं बस." चंदाच्या आईनं आधी कपाकडं, मग तिच्याकडं पाहिलं. काहीतरी फुटलं-तुटलं, त्याचा आळ येतोय की काय, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. खुर्चीच्या कडेला टेकून तिनं चटके सोसत चहा संपवला, कप विसळला आणि सवयीनं खिडकीबाहेर नेऊन ठेवला.

बेबीनंदानं तो आत आणला. मनातलं सांगण्याएवढी भाषा तिला येत नव्हती. येत होती फक्त विशाखाला.

"विशाखा, हिला सांग. आमच्या गावात आमच्या माणसांचे कप असेच बाहेर ठेवायचे. तुझ्या आजीचा ठेवायचे. मला पाणी वरून ओतायचे. तरी मी हिचा कप बाहेर ठेवला. माझं चुकलं."

"आई, हे सगळं सांगू? आजीचंपण?"

"सगळं सांग."

पोर अडखळत, बोटांशी चाळा करत सांगत राहिली. चंदाची आई शांतपणे ऐकत होती. मग ती बराच वेळ विशाखाशीच बोलली. विशाखानं मान खाली घातली.

"काय म्हणती?"

"ती म्हणती, मला वाटायचं हा तुमच्या देवाचा नियम आहे. देवाचा नियम असेल तर वाईट कशाला वाटून घ्यायचं, म्हणून मी काही बोलले नाही. पण तुम्हाला तर माहीत होतं कसं वाटतं ते. मग का केलंत?"

पुष्पाबाईचं नाव बेबीनंदाच्या ओठांवर आलं. तिनं ते गिळलं. पुष्पाबाईनं फक्त सांगितलं होतं. कप बेबीनंदानं स्वतः उचलून नेला होता.

त्या आठवड्यात पुष्पाबाई आली, तेव्हा चंदाची आई टेबलाशी उभी राहून चहा पीत होती. पुष्पाबाईच्या कपाळाला आठी पडली. बेबीनंदानं तिच्यासाठीही कप मांडला आणि आपण मूळचे कोण, आष्टीत आपली वस्ती कुठं, सगळं सांगून टाकलं. पुष्पाबाईनं चहा अर्धा घेतला, दूध ठेवून आलेय म्हणाली आणि गेली. नंतर ती रस्त्यात भेटली की हसायची, घरी मात्र आली नाही.

चंदाच्या आईनं काम सोडलं नाही. थोरल्या मुलीच्या, चंदाच्याच, लग्नाला तिनं तिघांनाही बोलावलं आणि सगळ्यांबरोबर बसवून जेवू घातलं. तरी या घरात त्या पहिल्या सकाळनंतर ती चहा नेहमी उभ्यानंच घ्यायची. बेबीनंदा खुर्ची पुढं करायची. ती मान हलवून नको म्हणायची. राग दिसत नव्हता तिच्या चेहऱ्यावर. पण मनात काय होतं, ते बेबीनंदाला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही.

करार संपवून एकोणऐंशी साली ते कायमचे आष्टीला परतले. या वेळीही बायका जमल्या, पण बेबीनंदा बेतानंच बोलली. सगळ्या गेल्यावर चांगुणाबाईनं विचारलं, "काय म्हणली मंग ती?"

बेबीनंदानं चंदाच्या आईचा प्रश्न होता तसा सांगितला.

"बराबर इचारलं तिनं," चांगुणाबाई म्हणाली. "आन् तू काय सांगितलंस?"

"काही न्हाई सांगता आलं, आत्याबाई."

चांगुणाबाई सरकून तिच्या शेजारी बसली, आणि अंधार पडेपर्यंत दोघी तिथंच बसून राहिल्या.