ट्रम्पेटमधली साखर

समुद्राकाठी पितळ जगवणं सोपं नसतं. तैवानच्या आमच्या या किनाऱ्यावर खारा वारा दार लावलं तरी आत येतो. रात्री नीट पुसून ठेवलेला ट्रम्पेट सकाळी हातात घ्यावा, तर दट्टे जागचे हलत नाहीत. दट्टे म्हणजे ट्रम्पेटवरची ती तीन बटणं. वरून बोटाएवढी दिसतात, पण प्रत्येकाखाली नळीत सरकणारा लांब दट्ट्या असतो आणि त्याला भोकं असतात. दट्ट्या खाली गेला की वाऱ्याची वाट बदलते आणि सूर बदलतो. तो अडकला की सगळंच अडकलं.

आमचा बँड मयताचा. लग्नाला आम्हाला कुणी बोलावत नाही. सासऱ्यांचं नाव बान-ही. ते पुढे काठी फिरवत चालत. मागे आम्ही बायका. पांढरा गणवेश, खांद्यावर सोनेरी गोंडे, डोक्यावर टोपी. माझी नणंद अ-ग्वान मोठा ढोल वाजवायची, गावातल्या आणखी काही जणी होत्या, आणि ट्रम्पेट माझ्याकडे. गाण्याचा सूर तेवढा ट्रम्पेटचा, बाकीच्यांनी त्याच्या मागून यायचं. नवरा खोल समुद्रातल्या बोटीवर असायचा. तो घरी आला की पाहुण्यासारखा वाटे.

सासूबाईंनी गुडघे गेल्यावर वाजवणं सोडलं होतं, पण वाद्यं त्यांच्याच ताब्यात. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी मला न्हाणीत पाटावर बसवलं आणि ट्रम्पेट मांडीवर दिला.

"पिळू नकोस गं, सरळ ओढ. कोंबडीची मान आहे का ती?"

कोमट साबणाच्या पाण्यात दट्टे धुवायचे. जुन्या बनियनच्या कापडानं पुसायचे, कारण नव्या कापडाचे धागे राहतात. मग घासलेटात शिलाई मशिनचं तेल मिसळून त्याचे थेंब सोडायचे आणि दट्ट्या नळीत घालून हळूच फिरवायचा. खट् असा आवाज आला की बसला.

"आणि हे बघ," त्या म्हणाल्या, "एक, दोन, तीन. प्रत्येकावर आकडा आहे. ज्याचा त्याच्यातच गेला पाहिजे. एकाचा तिनात घातलास तर भोकं जुळत नाहीत, वारा आतच कोंडतो. मग फुंकून फुंकून मर, आवाज यायचा नाही."

मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. ते तीन आकडे मी पितळेवर बोट फिरवून ओळखायला शिकले.

खाऱ्या वाऱ्याहून वाईट शत्रू साखर. मयताच्या घरून निघताना प्रत्येकाला लाल दोरा आणि साखरेची गोळी मिळते. गोळी दारातच तोंडात टाकायची. घरी नेली तर मरण मागून येतं. चांगला मुहूर्त असला की एका दिवसात दोन-दोन मयतं असायची, आणि गोड तोंडानं पुढच्या ठिकाणी फुंकलं की साखरेची थुंकी दट्ट्यात जाऊन वाळायची. म्हणून सासूबाई चहाची किटली घेऊन ट्रकपाशी उभ्या राहत. "चूळ भरा गं भवान्यांनो, मग चढा वर."

एका वर्षी उन्हाळ्यात माझे वडील गेले. आमचं माहेर आत, उसाच्या मुलखात. पंचांगात त्या महिन्यात पुरायला एकच चांगला दिवस निघाला, आणि त्याच दिवशी सकाळची दोन कामं आमच्या बँडनं आधीच घेतली होती. माझा भाऊ थिएन-लोक सासऱ्यांना भेटायला आला. मी चहा ठेवून बाहेर येईपर्यंत दोघांचं ठरलंही होतं. दुपारी बापाच्या दारात आमचाच बँड वाजणार होता.

"घरचंच काम," सासरे म्हणाले. "बँड आपला, सूनही आपली."

"पण मग मी रांगत कधी जाऊ?" मी विचारलं.

आमच्यात सासरी गेलेल्या लेकीनं बाप गेला की गल्लीच्या तोंडापासून शवपेटीपर्यंत गुडघ्यांवर रांगत, रडत जायचं असतं. उशिरा आल्याची माफी मागायची असते. आजी म्हणायची, लेक रांगत आली नाही तर बाप दाराकडे बघत राहतो.

"ट्रम्पेट कोण वाजवणार?" सासरे म्हणाले. "ट्रम्पेटशिवाय बँड म्हणजे ढोल बडवत चाललेली जत्रा. रडायला आपण बाई आणू. ती पेठेतली माइकवाली. काय रडते! दगडाला पाझर फुटतो."

भाऊ म्हणाला, "ताई, आता सगळेच आणतात. तुझ्याहून ती बरी रडेल. तू लहानपणी मार खाल्लास तरी रडायची नाहीस."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या कालवांचे शिंपले फोडत होत्या. सुरी न थांबवता म्हणाल्या, "माझ्या आईला मी झांजा वाजवत पोचवलं. याच गणवेशात. मेले का मी?"

अ-ग्वान माझ्या कानाशी लागली. "वहिनी, मी ढोल बडवता बडवता तुझ्या वाटचं रडते. मला सवय आहे, बाबांनी बारशालाच ढोल गळ्यात बांधला."

मी हसले नाही. दुसऱ्या बाईनं माझ्या बापाला माइकवरून बाबा म्हणायचं, आणि मी शेजारी उभी राहून तिला साथ द्यायची! हे डोळ्यांपुढून हलेना.

त्या दिवशी पहाटे दट्टे पुसले, तेल घातलं. सवयीनं सगळं नीट केलं. पहिलं काम झालं, गोळी खाल्ली, चूळ भरली. दुसऱ्या कामानंतर गोळी तोंडात टाकली आणि सासूबाईंनी किटलीचा कप पुढे केला. मी तो तोंडाला लावला, पण घोट घेतला नाही. ट्रकच्या मागच्या बाजूला जाऊन चहा मातीत ओतला. मग वर चढले, गोळी गालात धरली आणि अख्ख्या वाटेत ट्रम्पेटमध्ये बारीक बारीक फुंकत राहिले. दट्टे दाबत होते, सोडत होते.

"सराव गं कसला एवढा?" अ-ग्वान म्हणाली.

मी गोळी दुसऱ्या गालात सरकवली आणि पुन्हा फुंकलं. तोंड गोड होतं.

माहेरच्या गल्लीशी उतरलो तेव्हा दुसरा दट्ट्या अर्ध्यावर जाऊन बसला होता. वर येईना, खाली जाईना. उन्हानं काम पुरं केलं होतं. गल्लीच्या तोंडाशी माइकवाली बाई लेकीनं सुतकात घालायची तागाची कुंची बांधत होती. दारातल्या मांडवात बापाचा फोटो दिसत होता. फोटोत ते कॉलर घट्ट झाल्यासारखे दिसत होते.

"दट्ट्या अडकला," मी म्हणाले.

सासऱ्यांच्या हातातली काठी थांबली. "आत्ता?"

सासूबाई पुढे आल्या. ट्रम्पेट घेतला आणि त्याच्या तोंडाला नाक लावलं. मग माझ्याकडे बघितलं.

"धुते," त्या म्हणाल्या.

माझ्याच माहेरच्या अंगणात, ज्या नळाखाली मी भाताचे तांदूळ धुवायची, तिथे त्या दुखरे गुडघे मोडून बसल्या. तिन्ही दट्टे काढले, धुतले, कापड फिरवलं. कमरेच्या पिशवीतून तेलाची बाटली काढली. मी उभी राहून बघत होते. पळून कुठे जायचं? पुढे बापाचं दार, मागे ट्रक. माइकवाली घसा साफ करत "हॅलो, हॅलो" म्हणत होती.

सासूबाई उठल्या. ट्रम्पेट माझ्या हातात दिला. "वाजव."

मी बोटं टेकवली. तिन्ही दट्टे लोण्यात जावेत तसे खाली गेले, वर आले. सासऱ्यांनी काठी वर केली. अ-ग्वाननं ढोलावर टोला दिला. मी फुंकलं.

काही नाही. वारा आत गेला आणि माझ्याच गालांत परत आला. पुन्हा फुंकलं. कानांत दडे बसले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. ट्रम्पेटमधून एक चूं सुद्धा नाही.

आणि मला कळलं. एकाचा तिनात.

"आई, हे एक आणि तीन—"

"गप." त्यांनी ट्रम्पेट माझ्या हातातून ओढला. "मेलंय हे, अहो," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "साखर आत गेलीय. आज काही वाजत नाही."

सासऱ्यांनी स्वतः फुंकून पाहिलं. त्यांना काठी फिरवता येई, वाद्याच्या पोटातलं काही कळत नसे. त्यांचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा झाला. "आता लोकांना काय सांगू मी?"

"सांगा, ढोल आहे, झांजा आहेत. आणि लेक आहे." सासूबाई वळल्या. "ए बाई, ती कुंची काढ. हिला घाल."

माइकवाली गोंधळली. "मग मी काय करू?"

"सावलीत बस. चहा पी. किटलीत आहे."

"आणि माइक?"

"तिला माइक लागत नाही."

कुंची माझ्या टोपीवरच घातली गेली. टोपी काढायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. मी गुडघे टेकले. गल्लीत खडी होती. बायका ओटीवरून बघत होत्या, आणि मला रडूच येईना. पोटात तो कोंडलेला वारा तसाच होता. अर्ध्या वाटेत मला उंबरठ्याबाहेर बापाच्या रबरी चपला दिसल्या. कुणीतरी त्या धुऊन उन्हात ठेवल्या होत्या. आयुष्यात कुणी त्या धुतल्या नव्हत्या. तिथून पुढे मी काय ओरडले ते मला आठवत नाही. अ-ग्वान सांगते, ढोल ऐकू येत नव्हता.

घरी परत आलो तेव्हा सासरे अजून चिडलेले होते. ट्रम्पेट शहरातल्या दुकानात न्यावा लागेल, म्हणत होते.

"नको. होईल बरा," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी न्हाणीत पाट मांडला, पाणी ठेवलं आणि ट्रम्पेट माझ्यापुढे ठेवून दारात बसल्या. मी झाकणं फिरवून सोडली. पहिल्या नळीतून तीनचा दट्ट्या निघाला, तिसरीतून एकचा. मी तिन्ही धुतले, पुसले, तेल घातलं, आपापल्या घरात बसवले. खट्. खट्. खट्.

"आई," मी म्हणाले, "तुम्हाला आकडे दिसले नसतील."

"माझे डोळे चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "परत कधी चूळ न भरता चढलीस ना ट्रकवर, तर जीभ घासून काढीन. आणि ती विजार इकडे दे."

गणवेशाची विजार दोन्ही गुडघ्यांवर फाटली होती. पुढच्या मुहूर्ताला ती दोरीवर धुतलेली, इस्त्री केलेली मिळाली. गुडघ्यांवर पांढऱ्या कापडाची ठिगळं होती, बारीक टाक्यांची, लांबून न दिसणारी. ट्रकमधून सासरे हाक मारत होते, कारण पहिलं काम लवकरचं होतं. मी विजार चढवली, दट्टे दाबून पाहिले आणि मी बाहेर पडले. तीच विजार मी पुढे कितीतरी वर्षं घातली.