समईतलं इटालियन तेल

चंद्रहासने आईला एकच थाप मारली होती, पण ती सहा वर्षं नेटाने टिकवली होती. मेलबर्नला तो इटालियन वाइन मागवणाऱ्या छोट्या कंपनीत होता. आईला सांगितलं होतं ऑलिव्ह ऑइल. वासंतीबाई फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी म्हणून मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरातल्या त्याच्या घरी आल्या आणि करोनामुळे सीमाच बंद झाल्या. दसरा आला तरी त्या इथेच, आणि थापही जिवंत.

नेमकी दसऱ्याच्याच संध्याकाळी इटलीतल्या ओर्सोलाबाईंशी व्हिडिओ मीटिंग ठरली होती. ओक लाकडाच्या पिंपात मुरलेली त्यांच्या घराण्याची पांढरी वाइन म्हणजे चंद्रहासच्या कंपनीची शान. पण लॉकडाऊनमध्ये हॉटेलं बसली, तशी एक बडी कंपनी त्या वाइनवर डोळा ठेवून होती. ऑस्ट्रेलियात ती कोणी विकायची, हे आज ठरणार होतं. ती गेली तर चंद्रहासची नोकरीही जाणार, हे उघड होतं. नव्या वाइनची एकच बाटली बाईंनी त्याला चाखायला पाठवली होती. अशा वाइनला आधी जरा हवा लागू द्यावी लागते, म्हणून त्याने ती उघडून टेबलावर ठेवली आणि तो दाढी करायला गेला.

परत येऊन बघतो तर बाटली पाटावर! तिला हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ, आणि आत थेंब नाही.

"आई, यातलं... ऑइल कुठेय?"

"ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा नको करायला? दोन्ही समयांत घातलं. पण वात पेटेल तर शपथ! भेसळ आहे रे तुझ्या तेलात. उरलेलं दिलं सिंकमध्ये ओतून."

चंद्रहासच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात लॅपटॉप वाजला.

पडद्यावर ओर्सोलाबाई हसतमुख. "सांग, कशी वाटली?"

काय बोलायचं ते त्याला तोंडपाठ होतं. व्हॅनिला, भाजलेले बदाम, मध. कोणाला कळणार होतं? पण समोर ती माळ घातलेली बाटली आणि मागे आई. एकाच संध्याकाळी दोघींना फसवायचं म्हणजे फारच झालं.

"सॉरी, मी चाखलीच नाही," तो इंग्रजीत म्हणाला आणि सगळं सांगून मोकळा झाला. वाइन हा शब्द आला तशी मागे आईच्या हातातली पळी ताम्हनात पडली.

ओर्सोलाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "त्या मोठ्या कंपनीच्या माणसाने काल अर्धा तास माझ्या वाइनचं कौतुक केलं. त्याची बाटली अजून माझ्याच गावच्या कुरियर ऑफिसात पडून आहे. वाइन तूच विक. दुसरी बाटली पाठवते. आणि आईला माझा नमस्कार सांग."

चंद्रहासच्या जिवात जीव आला. मागे वळून बघायची मात्र हिंमत होईना.

"म्हणजे दसऱ्याला मी देवापुढे दारू मांडली?"

"सॉरी, आई."

"सहा वर्षं! मी अख्ख्या सोसायटीला तेल सांगतेय." वासंतीबाईंनी समईतली भिजकी वात चिमटीत धरून बाहेर काढली. रागावल्या होत्या, यात शंका नाही. "काय म्हणाली ती बाई?"

"वाइन आपल्याकडेच राहिली. नोकरीही."

त्यांनी बाटलीच्या गळ्यातली माळ सरळ केली.

"मग त्या बाटलीवरचं कुंकू पुसू नकोस. लागू पडलंय."